सूर विकत घेताना...

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, काठ चोळून बघतो, दुकानाच्या दारात उजेडात नेऊन रंग पारखतो. भेंडीचं टोक मोडून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो. साधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा आतून पिवळी नाही ना, हे बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. पण जी वस्तू हातात धरता येत नाही, जिला वजन नाही, वास नाही आणि जिचं दुकान सातासमुद्रापलीकडे आहे, ती घ्यायची वेळ आली तर पारख करायची कशी?

माझ्या कीबोर्डच्या क्लासला येणाऱ्या मुलींच्या आया गेली तीन-चार वर्षं मला हाच प्रश्न विचारतात. ‘‘मॅडम, हे प्रिसेट पॅक प्रिसेट पॅक म्हणते ते काय असतं हो? सतराशे रुपये मागतेय. विचारलं तर म्हणते, आवाज घ्यायचेत. आता आवाज काय विकत घ्यायचे असतात?’’

मैत्रिणींनो, हसू नका. प्रश्न अगदी रास्त आहे. पेटी घेतली तर घरात पेटी दिसते, तबला घेतला तर तबला दिसतो. इथे सतराशे रुपये गेले आणि घरात आलं काय, तर एक फाइल! पण आपल्या तालुक्याच्या गावांतल्या मुली आता घरच्या लॅपटॉपवर संगीत तयार करायला लागल्यात. शाळेच्या गॅदरिंगचा ट्रॅक, एखाद्या साडी सेंटरची जाहिरात, लग्नाच्या व्हिडिओचं सुरुवातीचं संगीत, कुणाच्या लघुपटाला पार्श्वसंगीत. बाहेर रात्री-अपरात्री जावं लागत नाही, घरात बसून करता येतं आणि चार पैसेही सुटतात. म्हणून या बाजाराची माहिती आपल्याला असायला हवी. मागणाऱ्या मुलीला आणि पैसे देणाऱ्या आईलाही.

एका चुकीची किंमत

माझ्या क्लासमधल्या एका मुलीची गोष्ट सांगते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका दुकानातून तिने नऊशे रुपयांना पेनड्राइव्ह आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘दहा हजार टोन’. घरी येऊन बघते तर निम्म्या फाइली उघडेनात. उरलेल्यांतल्या बऱ्याचशा तिच्याकडे नसलेल्याच सॉफ्टवेअरसाठी केलेल्या. दुकानदार म्हणाला, ‘‘उघडलेला माल परत होत नाही ताई.’’

नऊशे रुपये गेले, त्याचं एवढं नाही. पण घरात वडील म्हणाले, ‘‘बघ, मी म्हणतच होतो!’’ आणि लॅपटॉप महिनाभर कपाटात गेला. तिच्या भावाने आदल्या वर्षी मोबाइलच्या गेममध्ये याहून जास्त पैसे उडवले होते. त्याला मात्र ‘‘शिकेल हळूहळू’’ एवढंच ऐकावं लागलं. खरं की नाही? मुलाची चूक हा अनुभव असतो आणि मुलीची चूक हा पुरावा असतो. म्हणूनच म्हणते, या खरेदीत आपल्या मुलींनी दुप्पट शहाणं असायला हवं. न्याय्य नाही हे, पण तूर्त तरी असंच आहे.

प्रिसेट म्हणजे काय?

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या किंवा गणिताच्या जोरावर स्वर निर्माण करणारं यंत्र. पूर्वी ते मोठं कपाटाएवढं असायचं, आता लॅपटॉपमधलं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात स्वराची मूळ लहर कोणती घ्यायची, तिची किती धार कापायची, स्वर दाबल्या दाबल्या यावा की हळूहळू फुलावा, बोट उचलल्यावर चटकन तुटावा की देवळातल्या घंटेसारखा रेंगाळावा, हे सगळं ठरवणारी बटणं असतात. एक-दोन नव्हे, शेकडो. ही बटणं जुळवून एक छान आवाज तयार केला आणि ती जुळणी साठवून ठेवली की झाला प्रिसेट. अशा पन्नास-शंभर जुळण्या एकत्र बांधून विकल्या, की झाला प्रिसेट पॅक.

म्हणजे प्रिसेट ही पाककृती आहे. पदार्थ नव्हे, पाककृती! ती कृती ज्या सॉफ्टवेअरसाठी लिहिली, त्याच सॉफ्टवेअरमध्ये शिजते. ‘सीरम’साठी केलेला प्रिसेट ‘व्हायटल’मध्ये उघडत नाही आणि व्हायटलचा सीरममध्ये चालत नाही. दोन्ही सिंथेसायझरच, पण चूल वेगळी.

याउलट ‘सॅम्पल पॅक’ म्हणजे तयार भाजी. कुणीतरी वाजवलेलं, ध्वनिमुद्रित केलेलं. ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वाजतं, पण त्याची चव फार बदलता येत नाही. दुकानदार हे दोन्ही शब्द सरमिसळ करून वापरतात. पॅकचा आकार बघा. पाककृतीची फाइल लहान असते, ध्वनिमुद्रणाची मोठी. शंभर ‘प्रिसेट’चा पॅक दोन-तीन जीबीचा असेल, तर त्यात बरंचसं ध्वनिमुद्रणच आहे हे समजावं. ते वाईट असतं असं नाही. फक्त आपण काय घेतोय ते माहीत हवं.

थोडं मागे वळून

ही आवाज विकत घेण्याची भानगड आली कुठून? १९७० साली ‘मिनीमूग’ नावाचा सिंथेसायझर आला. त्याला स्मरणशक्तीच नव्हती. छान आवाज जमला की वादक कागदावर बटणांची चित्रं काढून ठेवायचे, आपण रांगोळीची नक्षी वहीत ठिपक्यांनी उतरवून ठेवतो तशी. १९७८ मध्ये ‘प्रॉफेट-५’ आला. त्यात चाळीस आवाज साठवता यायचे. मग १९८३ साली यामाहाचा ‘डीएक्स-७’ आला आणि बाजार फिरला. तो इतका खपला की जगभरातल्या गाण्यांत त्याचा तो काचेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो ऐकू यायला लागला. पण त्यात स्वतः नवा आवाज तयार करणं महाकठीण. त्यामुळे बहुतेक वादक तयार आवाजच वापरायचे आणि नवे हवे असले की कार्ट्रिज विकत घ्यायचे. आजच्या प्रिसेट पॅकचं हे आजोळ.

आपल्याकडचीही एक आठवण सांगायलाच हवी. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (आपण तिला एनआयडी म्हणतो) इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला, मूग सिंथेसायझरसकट. तिथे संगीत रचणाऱ्यांत एक बाई होत्या, गीता साराभाई. या पखवाज वाजवायच्या! ज्या काळात बाईने पखवाज वाजवणं हेच नवल, त्या काळात त्या मूगच्या तारा जोडत होत्या. त्या स्टुडिओतल्या टेपा कित्येक वर्षं पडून होत्या, त्यांतल्या निवडक २०२३ साली प्रकाशित झाल्या. आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. हे सांगण्याचं कारण, या लोकांकडे हजारो आवाजांचे पॅक नव्हते. होती ती मोजकी यंत्रं आणि ऐकणारा कान.

आधी घरातला डबा उघडा

दिवाळीच्या सामानाची यादी करायच्या आधी आपण काय करतो? डबे उघडून बघतो. रवा आहे, बेसन संपलंय, वेलदोडे मागच्या वर्षीचे पडलेत. अगदी तसंच इथे करायचं.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच किती आवाज आहेत? ‘व्हायटल’ हा सिंथेसायझर २०२० साली आला. त्याची साधी आवृत्ती फुकट आहे आणि तिच्यातच ७५ आवाज मिळतात. ‘सर्ज एक्सटी’ पूर्ण फुकट आहे आणि त्यात तर ढिगाने आवाज आहेत. डीएक्स-७ सारखा आवाज हवा असेल, तर ‘डेक्स्ड’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हे सगळं ऐकून झालंय का? बहुतेक मुली पहिल्या वीस आवाजांच्या पुढे गेलेल्याच नसतात. मी क्लासमध्ये नियम केलाय. आधी असलेल्यातला प्रत्येक आवाज एकदा वाजवायचा, वहीत तीन रकाने करायचे - ‘कामाचा’, ‘बदलून चालेल’, ‘नको’. वही भरली की मग नव्या पॅकची गोष्ट काढायची. निम्म्या मुलींची मागणी वहीतच विरघळते, हे अनुभवाने सांगते.

आणि उरलेल्या निम्म्यांना नेमकं काय हवंय ते कळलेलं असतं. ‘‘मॅडम, माझ्याकडे तार छेडल्यासारखे आवाज भरपूर आहेत, पण गाण्याच्या मागे हळूच पसरणारा, जाड नसलेला पॅड एकही नाही.’’ हे वाक्य बोलता आलं, की ती खरेदीला तयार झाली असं मी समजते. ‘‘काहीतरी भारी हवंय’’ ही मागणी नव्हे.

नवी आवृत्ती आली म्हणून...

आता सगळ्यात गोंधळाचा भाग. पॅकच्या नावापुढे ‘नवीन’, ‘सुधारित’, ‘आवृत्ती दोन’ असं लिहिलेलं असतं आणि मुलींना वाटतं, जुनं ते टाकाऊ झालं. तसं नसतं.

‘सुधारित’ म्हणजे नेमकं काय सुधारलं, हे आधी वाचायचं. तीन शक्यता असतात. पहिली, जुन्या आवाजांतल्या चुका दुरुस्त केल्यात. कुठला फार मोठा वाजत होता, कुठला बेसूर होत होता. अशी दुरुस्ती जुन्या गिऱ्हाइकांना बऱ्याचदा फुकट मिळते, म्हणून आपल्या खात्यात जाऊन आधी बघावं. दुसरी, जुन्यात नव्या आवाजांची भर घातली. मग भर किती, पंचवीस की पाच? आणि जुन्या गिऱ्हाइकाला सवलत आहे का? तिसरी शक्यता महत्त्वाची. सिंथेसायझरचीच नवी आवृत्ती आली आणि पॅक तिच्यासाठी नव्याने बांधला.

या तिसऱ्यात फसगत होते. उदाहरण देते. ‘सीरम’ २०१४ साली आला आणि २०२५ च्या मार्चमध्ये ‘सीरम २’ आला. ज्यांनी जुना विकत घेतला होता, त्यांना नवा फुकट मिळाला. सीरम २ मध्ये जुने प्रिसेट उघडतात, पण सीरम २ साठी केलेले प्रिसेट जुन्या सीरममध्ये उघडत नाहीत. आईच्या लग्नातलं पोलकं लेकीला आत आटवून घालता येतं, पण लेकीचं आईला होत नाही, तसं समजा. त्यामुळे जुन्याच आवृत्तीवर काम करणाऱ्या मुलीने ‘खास सीरम २ साठी’ असं लिहिलेला पॅक घेतला, तर पैसे पाण्यात. उलट तिने जुना पॅक जपून ठेवला असेल, तर तो पुढेही चालणार आहे.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं - सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, लॅपटॉपची मेमरी किती. नव्या आवृत्तीतले काही आवाज जुन्या लॅपटॉपला पेलत नाहीत. वाजवताना तुटक तुटक येतं आणि मुलीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

एक सांभाळायची गोष्ट. अर्धवट झालेलं काम हातात असेल, तर मध्येच आवृत्ती बदलायची नाही. शनिवारी गॅदरिंग आणि शुक्रवारी रात्री नवीन आवृत्ती, हे म्हणजे पाहुणे दारात आल्यावर गॅसची शेगडी बदलण्यासारखं. आधी काम पूर्ण करा, त्याची प्रत दुसरीकडे ठेवा, मग सावकाश बदला.

ऐकण्याची रीत

पॅकची जाहिरात करताना दुकानदार एक गाणं ऐकवतो. झकास असतं ते. पण त्यात ढोल असतात, घुमारा असतो, एखादी गायिका आ-लावते. त्यातलं आपण विकत घेतो ते कितीसं? दुकानातल्या दिव्यांत साडी चमकते तसंच हे. म्हणून एकेक आवाज सुटा सुटा ऐकवलेला नमुना शोधायचा. नसेलच, तर मला त्या पॅकवर भरवसा वाटत नाही.

काही पॅकचे चार-पाच आवाज नमुन्याला फुकट देतात. ते घरी उतरवून घ्यावेत आणि पुढच्या गोष्टी करून बघाव्यात.

पहिलं, घुमारा आणि प्रतिध्वनी बंद करा. आता आवाज कसा वाटतो? मेकअप उतरवल्यावरचा चेहरा दिसतो. पोकळ वाटला, तर तो आवाज घुमाऱ्यावरच उभा होता.

दुसरं, आवाजाची पातळी सारखी करा. कानाची एक गंमत आहे, जे मोठं वाजतं ते त्याला चांगलं वाटतं. नवे पॅक मुद्दामच मोठे वाजतात. जुना आणि नवा एकाच पातळीवर आणून तुलना केली, की पुष्कळदा जुनाच गोड वाटतो.

तिसरं, खर्जापासून तार सप्तकापर्यंत वाजवा. मधल्या सप्तकात सगळेच शहाणे. खाली गडगड आणि वर किंचाळी असेल, तर त्याचा उपयोग थोडाच.

चौथं, हळू आणि जोरात दाबून बघा. बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज बदलतो का? चांगल्या पॅकमध्ये त्याशिवाय तीन-चार मुख्य बटणंही जोडून दिलेली असतात. त्यांना ‘मॅक्रो’ म्हणतात. एक फिरवलं की आवाज उजळ होतो, दुसरं फिरवलं की थरथरतो. ती बटणं नुसतीच शोभेची ठेवलेली असतील, तर कर्त्याने घाई केली आहे.

पाचवं, आपलं गाणं वाजवा. पाश्चात्त्य धून नव्हे, आपलं. स्वरावरून स्वरावर मींड घेता येते का? एखाद्या ओवीची चाल वाजवली तर ती ओवी वाटते का? आणि हे सगळं लॅपटॉपच्या भोंग्यावर नव्हे, तर हेडफोनवर. लॅपटॉपवर खर्ज ऐकूच येत नाही.

संख्येला भुलू नका, हे वेगळं सांगायला नको. पाचशे आवाजांच्या पॅकमधले सात-आठ आपण वापरतो आणि चाळीसच्या पॅकमधलेही सात-आठच. मग ते पाचशे ऐकण्यात गेलेल्या रात्री कुणाच्या खात्यात लिहायच्या?

आपल्या मातीतले आवाज

लॅपटॉप नसून कीबोर्डच असलेल्या मैत्रिणींसाठी चार शब्द. भजनी मंडळ, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, शाळेचं समूहगान, इथे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच चालतो आणि ‘टोन’ किंवा ‘पॅच’ या नावाने त्याचाही मोठा बाजार आहे. तो का निर्माण झाला, ते बघा. १९९१ मध्ये जगभरच्या वाद्यांसाठी १२८ आवाजांची एक समान यादी ठरली. तिच्यात पियानो पहिला. सतार १०५ व्या क्रमांकावर आणि सनई ११२ व्या. पण तबला, ढोलकी, संबळ, हलगी, तुणतुणं यांतलं एकही नाही! मग कंपन्यांनी भारतासाठी वेगळी मॉडेल काढली. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत तानपुरा-तबल्यावर सराव करायची ‘रियाझ’ नावाची सोय आली. तरीही आपल्या लावणीची ढोलकी आणि गोंधळाचा संबळ हवा, तर पॅक शोधावा लागतो.

तो घेताना कीबोर्डच्या पाठीवरचा किंवा तळाचा मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर लिहून न्या. एका अंकाचा फरकही महाग पडतो. टोन भरण्याआधी सध्याचे सगळे टोन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण नवे भरताना जुने पुसले जाऊ शकतात. आणि भरून देणाऱ्याला समोर बसवून वाजवून बघा. भजनी मंडळाच्या बायका काळी चार, काळी पाचला गातात. त्या पट्टीत नेल्यावर ढोलकीचा सूर बिघडतो का, हे तिथल्या तिथे बघायचं, घरी येऊन नव्हे.

आणि एक मनातलं सांगू? पॅकमधला संबळ शेकडो जणांकडे असतो. मागच्या वर्षी आमच्या क्लासने एक वेगळा उद्योग केला. आमच्या भागातल्या एका गोंधळी काकांना बोलावलं, त्यांना त्यांची बिदागी दिली, ‘‘हे आम्ही आमच्या गाण्यात वापरू’’ असं सांगून त्यांची संमती घेतली आणि संबळाचे वेगवेगळे आघात मोबाइलवर मुद्रित केले. गाद्यांच्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा बंद करून. काका घामाघूम, मुली घामाघूम! पण तो आवाज जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. मुलींनी तो सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यावर ठेका बांधला, तेव्हा काका ऐकत बसले आणि म्हणाले, ‘‘डावा जरा ढिला लागलाय, परत घ्या.’’ असा पॅक कुठल्या दुकानात मिळतो सांगा.

फुकट, स्वस्त आणि चोरीचं

फुकट म्हणजे वाईट नव्हे. कर्त्याने स्वतःहून फुकट दिलेले पॅक पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही उत्तम असतात. पण महागडं सॉफ्टवेअर कुणीतरी कुलूप तोडून वाटतं, तो चोरीचा माल. तो उतरवताना बऱ्याचदा सांगतात, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ घरात शिरणारा माणूस म्हणाला, आधी कुत्रा बांधा आणि दिवे घालवा, तर आपण दार उघडू का? त्याच लॅपटॉपवर भावाचे कॉलेजचे पेपर असतात, वडिलांचं बँकेचं काम असतं. वर तुमचं संगीत कुणी विकत घेतलं आणि उद्या सॉफ्टवेअरची पावती मागितली, तर दाखवणार काय?

सॅम्पल पॅकमधल्या तयार चालींच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. तुम्ही पैसे देऊन घेतलेली चाल इतर हजार जणांनीही घेतलेली असते. ती जशीच्या तशी वापरली, तर यूट्यूबवर दुसऱ्याच्या गाण्याशी जुळून हक्काचा दावा येऊ शकतो. प्रिसेटच्या बाबतीत हा धोका कमी, कारण चाल तुमची असते, आवाज फक्त त्यांचा. तरी परवान्याचा कागद वाचायचाच. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, की या आवाजांतून केलेली गाणी तुमची, हवी तशी विका, पण हेच आवाज पॅक म्हणून पुढे विकू नका. त्यामुळे मैत्रिणीला ‘‘घे गं माझ्या पेनड्राइव्हवरून’’ हेही बसत नाही. कठीण वाटतं, पण तो आवाज करणाऱ्याचंही पोट त्यावर असतं.

पैशाचं गणित

डॉलरमधल्या पॅकची किंमत त्या दिवशीच्या भावाने रुपयांत मोजायची, वर बँकेचं शुल्क आणि कर वेगळा. आपल्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात. ते बँकेच्या अ‍ॅपवरून चालू करावे लागतात आणि खरेदी झाली की आठवणीने पुन्हा बंद करायचे. उतरवून घेतलेली फाइल परत घेत नाहीत, हा जवळपास सगळीकडचा नियम. घाई मात्र कधीच नको. नोव्हेंबरच्या अखेरीस परदेशी दुकानांत मोठी सूट लागते, आपल्या दिवाळीच्या सेलसारखी. ‘आज रात्री बारापर्यंतच’ असं लिहिलेलं असलं, तरी तीच सूट पुन्हा येते, हे मी दोन-तीनदा बघितलंय. पावतीचा मेल, अनुक्रमांक आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह कपाटात. लॅपटॉप बिघडला तरी खरेदी बिघडू नये.

आणि आवाज घेतल्यावर तो तसाच ठेवायचा नाही. त्याची बटणं थोडी फिरवायची, धार कमी-जास्त करायची, आपलं नाव देऊन साठवायचं. आमच्या मुलींच्या यादीत ‘काकडआरती’, ‘एसटी स्टँड’, ‘आजीचं जातं’ अशी नावं आहेत. विकतचा मसाला घरी आणला, तरी आपण त्यात घरची दगडफुलं भाजून घालतोच ना?

ती पेनड्राइव्हवाली मुलगी? महिन्याने आईने कपाट उघडलं, लॅपटॉप बाहेर काढला आणि नवऱ्याला सांगितलं, ‘‘पोरीचं नुकसान नऊशेचं झालं होतं, तुम्ही ते वाढवत बसू नका.’’ मुलीने फुकटच्या सॉफ्टवेअरवर एका ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या दुकानाची जाहिरात केली. शिलाई मशिनचा खडखडाट मुद्रित करून त्यालाच ताल केला. त्याचे तिला दीड हजार मिळाले. त्यानंतर तीन महिने वही भरून, नमुने ऐकून, सूट लागेपर्यंत थांबून तिने एकच पॅक घेतला, बेचाळीस आवाजांचा. स्वतःच्या पैशाने.

तेव्हा बायांनो, उद्या तुमची लेक म्हणाली, ‘‘आई, आवाज घ्यायचेत’’, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. तिला एवढंच विचारा, ‘‘कोणता आवाज कमी पडतोय, मला वाजवून दाखव.’’ तिने पेटीसमोर बसून, तोंडाने, टेबलावर ठेका धरून, कसंही समजावून दिलं, तर बिनधास्त पैसे द्या. नाहीच समजावता आलं, तर अजून थोडे दिवस असलेलंच वाजवू द्या. आणि जमलं, तर एक हेडफोन तुम्हीही कानाला लावून बघा. लेक रात्री काय ऐकत बसते ते कळेल, आणि कोण जाणे, एखादा आवाज तुम्हालाच आवडून जाईल!